पोट उतरवायचे तर उद्दिष्ट पेलणारे हवे!

पोट सुटणे हे आपल्याकडे अनेक वर्षे खात्यापित्या घराचे लक्षण मानले गेले. ज्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडली, त्यांच्या नातवाला कचेरीत खुर्ची मिळाली आणि त्याच्या शर्टाची बटणे ताणली जाऊ लागली, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना आनंदच झाला. उपाशी राहिलेल्या पिढीचा तो आनंद समजण्यासारखा आहे. परंतु आज ज्यांचे वय चाळीस-पन्नास आहे, त्यांच्या शोकसभांना आपण वारंवार जातो ही वस्तुस्थिती आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे शब्द त्या शोकसभांमध्ये नेहमी ऐकू येतात. वीस वर्षे अभ्यास करून, लोकांत वावरून तयार झालेला कार्यकर्ता पन्नाशीत निघून जातो, तेव्हा कुटुंबाबरोबर समाजाचेही नुकसान होते. म्हणून कंबरेचा घेर हा आरशासमोर उभे राहणाऱ्यांचा विषय आहे असे समजून तो टाळता येणार नाही.

आकडे काय सांगतात? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आहे. म्हणजे दहातील चार जण! हा आता केवळ श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

आपण जाड दिसत नाही म्हणून आपल्याला धोका नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन समजून घ्यावे. २००४ साली त्यांनी आपली स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. उंची आणि वजनाच्या हिशेबाने येणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ असा तंतोतंत सारखा होता. परंतु शरीरातील चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी नवजात बालके तपासली. आपली बालके वजनाने कमी, स्नायूंनी रोड, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली आढळली. पोटात असताना ज्याच्या आईला पुरेसे खायला मिळाले नाही, त्याचे शरीर टंचाईसाठी तयार होते. पुढे त्याच शरीराला खुर्ची, स्कूटर आणि तेलकट नाष्टा मिळाला की चरबी पोटात जाऊन बसते. ज्यांच्या आज्या-पणज्या अर्धपोटी राहिल्या, त्यांनी हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. आपले पोट हा निव्वळ आळसाचा परिणाम नाही, त्यामागे पिढ्यांची उपासमारही आहे. म्हणून पोट सुटलेल्या माणसाची टिंगल करणे थांबवावे, आणि त्या माणसानेही लाजणे थांबवून टेप हातात घ्यावी.

मोजायचे कसे? पँटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर नव्हे. आपण पँट पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे पोट कितीही वाढले तरी नंबर चौतीसच राहतो आणि माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो. सर्वात खालची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता शिंप्याची टेप लावावी. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. आणखी एक सोपी कसोटी म्हणजे कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १६८ सेंटीमीटर असेल तर घेर ८४ च्या आत हवा.

आता खरा प्रश्न येतो. समजा एखाद्याचे वजन ८० किलो आणि घेर १०० सेंटीमीटर भरला. तो घाबरतो आणि त्याच दिवशी प्रतिज्ञा करतो की, महिन्याभरात पोट सपाट करणार. भात बंद, भाकरी बंद, पहाटे पाचला उठून पळणे सुरू! दहाव्या दिवशी गुडघा दुखतो, पंधराव्या दिवशी लग्नाचे जेवण येते आणि विसाव्या दिवशी सारे संपते. पुढे तो सांगत फिरतो की, आपल्या अंगाचाच हा गुण आहे, काही उपयोग नाही. वास्तविक पाहता अंग अपयशी ठरलेले नसते, उद्दिष्ट चुकीचे ठरलेले असते. न्यायालयात न टिकणारी मागणी दाव्यात घातली तर दावा फेटाळला जातो, हे आम्ही वकील रोज पाहतो. शरीराचेही तसेच आहे. जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच मागावे.

मग किती मागावे? हिशेब साधा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोजच्या खाण्यातून ३०० कॅलरी कमी केल्या तर महिन्याला साधारण एक किलो वजन उतरते. एक किलो उतरले की ढोबळमानाने घेर एक सेंटीमीटर कमी होतो. म्हणजे वरील गृहस्थाने तीन महिन्यांत १०० वरून ९७ आणि सहा महिन्यांत ९५ च्या आसपास येणे हे पेलणारे उद्दिष्ट झाले. पट्ट्याची दोन छिद्रे आत! पुढे वेग मंदावतो, कारण हलके झालेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते. म्हणून ९० पर्यंत पोहोचायला दीड-दोन वर्षे लागली तर त्यात कमीपणा नाही. जे पोट पंधरा वर्षांत वाढले, ते पंधरा दिवसांत उतरावे ही अपेक्षाच गैर आहे.

एवढ्याशा घटीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे वजन ७ टक्के कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईत झालेल्या अशाच अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. तेथे आहार आणि व्यायाम सुधारणाऱ्यांचे वजन फारसे उतरले नाही, तरीही मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. याचा अर्थ असा की, काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नये. यकृत आणि आतड्यांभोवतीची चरबी सर्वात घातक असते आणि तीच व्यायामाला लवकर दाद देते.

परंतु व्यायाम म्हणजे पोटाचे व्यायाम नव्हेत. ज्या जागेचा व्यायाम, त्या जागेची चरबी जाते हा समज सर्वत्र पसरलेला आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पुरुषांकडून २७ दिवसांत पाच हजारांवर सिट-अप्स करून घेतल्या गेल्या. त्यांच्या पोटावरील चरबीच्या पेशी पाठीवरील किंवा नितंबावरील पेशींपेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. शरीर चरबी कोठून काढायची हे स्वतः ठरवते. तेव्हा पोट थरथरवणारे पट्टे विकत घेण्याऐवजी आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. दोन दिवस उठाबशा, जोर किंवा जिने चढणे असा ताकदीचा व्यायाम करावा. यासाठी जिमची फी लागत नाही.

आणि चालण्याने सारे भागते असेही नाही. एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात. त्या खर्च करायला तासभर चालावे लागते! म्हणून पोट उतरते ते मुख्यतः ताटातून, आणि उतरलेले टिकते ते चालण्याने. आपल्या कार्यकर्त्यांचा दिवस पाहा. सकाळी नाष्टा नाही, दिवसभर चहा, संध्याकाळी बैठकीत वडापाव किंवा भजी, आणि रात्री अकराला घरी येऊन पोटभर जेवण. प्रत्येक चहात दोन चमचे साखर धरली तर पाच चहांत ४० ते ५० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली चांगली मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे. साखर निम्मी केली आणि बैठकीत वडापावाऐवजी भाजलेले मूठभर चणे ठेवले, तरी ३०० कॅलरींचा आपला हिशेब जवळपास पूर्ण होतो. भाकरी सोडण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची एक भाकरी, वाटीभर मटकी किंवा डाळ, अंडे, मासळी, भरपूर पालेभाजी आणि कांदा-काकडी हे ताट कोणत्याही महागड्या डाएटच्या तोडीचे आहे. फक्त भाजीवरची तेलाची तर्री कमी करावी. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी.

थोडेथोडे कमी करण्याचा हा मार्ग नवा नाही. कोसल देशाचा राजा पसेनदी अति जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही. प्रमाणात खाण्याची आठवण राजाला जेवताना करून देण्याचे काम एका तरुणाकडे आले. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार, राजाने शेवटचा घास टाकायचा आणि त्या घासात जेवढे तांदूळ असतील तेवढे पुढच्या वेळी कमी शिजवायचे, अशी ती योजना होती. एका वेळी एक घास! राजा पुढे हलका आणि निरोगी झाला. उद्दिष्ट कसे ठरवावे याचा याहून चांगला धडा मिळणार नाही.

आता बाजाराविषयी. एका महिन्यात दहा किलो वजन उतरवणारी चूर्णे आणि काढे यांच्या जाहिराती रोज दिसतात. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतच्या कायद्यात ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही दंड बसू शकतो. फसलेल्यांनी गप्प न बसता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. २०२५ पासून वजन घटवणारी नवी इंजेक्शनेही आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती खरी औषधे आहेत, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याची वस्तू नव्हे. तसेच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रियांनी वजन घटवण्याच्या भानगडीत पडू नये.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा मांडला पाहिजे. पुरुष सकाळी चालायला जातो, तेव्हा घरातली बाई डबे भरत असते. सर्वांची जेवणे झाल्यावर ती उरलेले संपवते, कारण अन्न टाकणे तिला पटत नाही. तिला ‘पोट कमी कर’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला? ज्याने तिचा सकाळचा अर्धा तास मोकळा करून दिला, त्यालाच! म्हणून उद्दिष्ट एकट्याचे न ठेवता घराचे ठेवावे. घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर ते चारवर आणणे, सर्वांनी एकत्र जेवणे आणि डबे भरण्याचे काम वाटून घेणे, ही उद्दिष्टे टेपवरच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहेत.

आणखी एक गोष्ट. वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मेमध्ये लग्ने. या दोन महिन्यांत घेर कमी करण्याचा हट्ट धरू नये. जेवढा आहे तेवढा वाढू द्यायचा नाही, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. एखादा आठवडा चुकला तर सारे संपले असे समजू नये. पुढच्या सोमवारी पुन्हा चालायला लागावे.

पुढच्या रविवारच्या बैठकीला प्रत्येकाने एक टेप आणि एक वही आणावी. आजचा घेर, तीन महिन्यांनंतरचे उद्दिष्ट आणि त्यासाठी करावयाच्या दोन गोष्टी, एवढेच लिहावे. दोनच गोष्टी, दहा नव्हे. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी मोजावे. तीन सेंटीमीटर उतरले तर पुढचे तीन ठरवावेत. नाही उतरले तर उद्दिष्ट तपासावे, स्वतःला दोष देत बसू नये. आपल्याला अजून पुष्कळ वर्षे काम करायचे आहे आणि त्यासाठी आधी जिवंत राहायचे आहे.