जुनी टर्बो पिकअप घेण्यापूर्वीं

हल्लीं निफाड, दिंडोरी, चांदवड या बाजूस कांदा व द्राक्षें पिकविणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या दारांत एक पिकअप गाडी उभी दिसते. पिंपळगांवच्या किंवा लासलगांवच्या बाजारांत माल नेण्याचें वर्षभराचें भाडें हिशेबांत धरलें म्हणजे गाडी स्वतःची असावी असें वाटणें स्वाभाविक आहे. आणि नवीन गाडीची किंमत झेपत नसल्यास जुनी पाहण्यांत गैर असें कांहींच नाहीं. आमचा आक्षेप आहे तो ती पाहण्याच्या रीतीला. बैल घेतांना आपण दांत पाहतों, खूर उचलून पाहतों, औताला जुंपून चार तास काढून घेतों, मगच व्यवहाराचें बोलतों. चार-पांच लाखांची गाडी घेतांना मात्र रंग, टायर आणि किलोमीटरचा आंकडा पाहून विसार देऊन मोकळे होतों. तो आंकडा थोड्या खर्चांत मागें नेतां येतो, हें आतां कोणापासून लपलेलें नाहीं.

फसगत झाली म्हणजे कित्येकजण दोष टर्बोच्या माथीं मारतात. टर्बोची गाडी म्हणजे पांढरा हत्ती, जुनें साधें इंजिन बरें, असें पारावर नेहमीं ऐकूं येतें. आमचें मत याच्या उलट आहे. टर्बो ही कांहीं कालची युक्ति नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनें तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें, त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें, आणि अधिक हवेबरोबर अधिक डिझेल जळून लहान इंजिनही मोठा भार ओढतें. बोलेरो पिकअपचें अडीच लिटरचें काय, किंवा दोस्तचें दीड लिटरचें तीन सिलिंडरांचें काय, दोन्ही इंजिनें टर्बोचींच. टर्बो टाळावयाचाच म्हटलें तर फार जुनी, झिजलेली गाडी पदरांत पडेल, आणि ती घाटांत उभी राहील तेव्हां दोष कोणाला द्यावयाचा?

खरी गोष्ट अशी कीं, साधें इंजिन मालकाची हयगय पुष्कळ काळ सोसतें. टर्बो ती सोसत नाहीं. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि बेअरिंगमध्यें तो केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तें तेल वेळच्या वेळीं न बदलल्यास अगर हलक्या प्रतीचें घातल्यास बेअरिंग झिजतें. भरल्या गाडीनें घाट चढून येऊन चालकानें तत्काळ किल्ली बंद केली, तर तेलाचा प्रवाह थांबतो, आणि तापलेल्या भागांत अडकलेलें तेल जळून त्याचा कोळसा होतो. अशा वेळीं एक-दोन मिनिटें इंजिन मंद चालूं ठेवणें एवढेंच काय तें करावयाचें असतें. परंतु रोजावरच्या चालकाला दुसऱ्याच्या टर्बोची काळजी कोठून असणार? म्हणून जुनी टर्बो गाडी घेणें म्हणजे पहिल्या चालकाच्या संवयी विकत घेणें होय. ती कोणीं हांकली, काय भरून हांकली, तेल बदलल्याच्या पावत्या आहेत कीं नाहींत, हे प्रश्न किंमतीच्या आधीं विचारावे. मालकानें स्वतः चालविलेली दीड लाख किलोमीटरची गाडी, वाळू वाहिलेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षां आम्ही केव्हांही पसंत करूं.

पाहणी सकाळीं, इंजिन थंड असतांना करावी. तुम्ही येणार म्हणून गाडी सुरू करून ठेवली, असें विकणाऱ्यानें म्हटलें, तर त्याचा चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशीं न सांगतां जावें. प्रथम तेलाची पट्टी काढून पाहावी. डिझेल इंजिनांतील तेल काळें असणें हा दोष नव्हे. विक्रीच्या दिवशीं तें अगदीं सोनेरी दिसलें तर उलट शंका घ्यावी. झांकणाखालीं ताकासारखा पांढरट थर असल्यास तेलांत पाणी गेल्याचा संभव असतो. मग इंजिन सुरू करून धूर पाहावा. जोर दिल्यावर येणारा काळा धूर पाहून पुष्कळजण पळ काढतात. पण हवेची एक रबरी नळी फाटली तरी तो येतो, आणि ती नळी स्वस्तांत बदलतां येते. भ्यावयाचें तें निळ्या धुरास, कारण त्यांत तेल जळत असतें. इंजिन मंद चालूं असतां तेलाचें झांकण सैल करावें. तेथून धूर भकाभक बाहेर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असें समजून घराची वाट धरावी. शेवटीं इंजिन बंद करून, निवाल्यावर, टर्बोकडे जाणारी हवेची नळी मिस्त्रीकडून काढवावी. आंतील चक्राचा दांडा बोटानें आडवा किंचित हलला तर चिंता नाहीं; पुढेंमागें हलतां कामा नये. पात्यांच्या कडा खरचटलेल्या असल्या तर एअर फिल्टरकडे कोणीं लक्ष दिलेलें नाहीं. नळींत तेलाचा ओशटपणा चालेल, तेलाचें तळें चालणार नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही स्वतः फसलों, तें सांगण्यास संकोच वाटत नाहीं. टर्बो नुकताच नवा बसविला आहे, एवढ्या एका वाक्यावर भाळून आम्हीं गाडी घेतली. ऐन द्राक्षांच्या तोडणींत, क्रेट भरून निघालों असतां, तिनें निळा धूर सोडला व ओढ टाकली. खोलून पाहतां टर्बोला तेल पोंचविणारी बारीक नळी कोळशानें बुजत आलेली आढळली. पहिला टर्बो ज्या कारणानें गेला त्याच कारणानें दुसराही गेला; कारण न शोधतां केवळ भाग बदलला होता. तेव्हांपासून नवा टर्बो हा गुण आहे असें आम्ही मानीत नाहीं. जुना कां गेला याचें उत्तर मिळालें तरच मानतों.

रिकामी गाडी गांवांतल्या गांवांत फिरवून टर्बोची परीक्षा होत नाहीं. कायद्यानें चालेल तेवढा माल भरून चांदवडजवळचा राहुड घाट चढवावा. ओढ मध्येंच पडते काय, तापमानाचा कांटा वर सरकतो काय, शिटीसारखा आवाज कर्कश होत जातो काय, हें तेथें कळतें. मागच्या पाट्यांत जादा पाटे घातलेले, अगर त्यांच्या जागेजवळ चॅसिसला वेल्डिंग केलेलें दिसलें, तर ती गाडी ओझ्याखालीं मोडलेली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी एक गाळणी असते. मंद गतीच्या जवळच्या फेऱ्यांनीं ती तुंबते, आणि खर्च टाळण्यासाठीं कोणी कोणी ती काढूनच टाकतात. सायलेन्सरच्या तोंडांत बोट फिरवावें. अशा गाडींत तेथें दाट काजळी लागली तर गाळणी गेली किंवा काढली आहे.

कागदांविषयीं थोडक्यांत एवढेंच कीं, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, थकलेले दंड आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत पाहिल्यावांचून विसार देऊं नये. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला हें प्रमाणपत्र दरवर्षीं घ्यावें लागतें, तो खर्चही किंमतींत धरावा.

हें सर्व प्रत्येक शेतकऱ्यास एकट्यानें साधेल असें नाहीं. इंजिनांतील बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर एका गाडीसाठीं कोणी विकत घेणार नाहीं, आणि विकणाऱ्यानेंच आणलेल्या मिस्त्रीचा शब्द विकणाऱ्याचाच असतो. आपल्या संघानें एक स्कॅनर घ्यावा, एका जाणत्या मिस्त्रीस ठराविक फी देऊन सभासदांसाठीं गाड्या पाहण्यास नेमावें, आणि त्याचा लेखी अभिप्राय मिळेपर्यंत सभासदांनीं विसार रोखून धरावा, अशी आमची सूचना आहे. फी जास्त वाटेल, अशी कुरकूर आम्हीं आतांच ऐकली आहे. पण ती एका टर्बोच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. येत्या वार्षिक सभेंत हा ठराव मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्या सभासदांनीं गेल्या दोन-तीन वर्षांत जुनी पिकअप घेतली असेल, त्यांनीं दुरुस्तीच्या पावत्या बरोबर आणाव्यात.