हाड जुळलं, पुढे काय?

मागच्या आषाढातली गोष्ट. रविवारी सकाळी पाबे घाट चढून वेल्ह्याच्या बाजूला उतरत होतो. भाताच्या लावणीचे दिवस. खाचरातून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी एका वळणावर चिखल सांडला होता. तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि पुढच्याच क्षणी उजव्या खांद्यावर आपटलो. उठायला गेलो तर खाचरातून धावत आलेल्या मावशी म्हणाल्या, ‘‘बसा दादा, लगेच उठू नका. आधी हातपाय हलत्यात का बघा.’’ प्रथमोपचाराच्या पुस्तकात याहून वेगळं काही लिहिलेलं नसतं.

कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडलं होतं. सायकलवरून पडणाऱ्यांचं हे नेहमीचं हाड. माणूस खांद्यावर किंवा पुढे केलेल्या हातावर पडतो, सगळा भार या बारीक, बाकदार हाडावर येतो आणि ते बहुतेकदा मध्यावर मोडतं. शस्त्रक्रिया लागली नाही. हात झोळीत गेला. सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले, ‘‘हाड छान जुळतंय, आता काळजी नाही.’’ फाइल बंद झाली. पुढे काय करायचं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी सायकल बाहेर काढली. सोसायटीच्या फाटकापासून शंभर पावलांवर मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. मागे बघायला गेलो, तर खांदा वळेना. हात थरथरायला लागले, तळव्यांना घाम सुटला. उतरलो आणि सायकल हातात धरून घरी आलो. एक्स-रेच्या हिशेबात मी बरा झालो होतो. सायकलवर बसण्याच्या हिशेबात मी अजून त्या वळणावरच पडलेलो होतो.

या लेखाचा मुद्दा तोच आहे. अपघातानंतरचा उपचार आपण हाडापाशी थांबवतो. हाड जुळलं की डॉक्टर, रुग्ण आणि घरचे सगळेच सुटलो म्हणतात. पण शरीराचं काम तेव्हा जेमतेम अर्ध्यावर आलेलं असतं.

हाडाचं वेळापत्रक

मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ होते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जाऊन तो कडक होतो. मोठ्या माणसाच्या कॉलर बोनला यासाठी साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, लहान मुलांना बरेच कमी. त्यानंतरही ते हाड आतून स्वतःला घडवत राहतं आणि हे काम कित्येक महिने चालतं. म्हणून ‘जुळलं’ आणि ‘पूर्वीइतकं पक्कं झालं’ यांत मोठं अंतर असतं. नव्याने जुळलेल्या हाडावर पुन्हा आपटणं महागात पडतं.

या वेळापत्रकाला खीळ घालणारी एक गोष्ट आपल्याकडे घरोघर आहे. तंबाखू. विडी-सिगारेट तर झालीच, पण तंबाखूची चिमूट आणि बायाबापड्यांची मिश्रीसुद्धा. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्तपुरवठा कमी मिळतो आणि जुळायला वेळ लागतो. अपघातानंतर ‘हाडं मजबूत करायची पावडर’ शोधण्यापेक्षा मिश्रीची डबी तीन महिने लांब ठेवणं जास्त उपयोगाचं आहे. सोबत नाचणीची भाकरी, दूध, डाळी, चालत असतील तर अंडी आणि सकाळचं ऊन.

हाडवैद्याकडे जाण्याची रीत अजून आहे. त्याबद्दल एकच सांगतो. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेला हात सुजला, बोटं निळी किंवा थंड पडली, मुंग्या आल्या, बोटं हलवताना असह्य दुखलं, तर ती पट्टी त्याच क्षणी सोडायची आणि रुग्णालय गाठायचं. आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत स्नायू मरतात. रुग्णालयातल्या घट्ट प्लास्टरलाही हीच लक्षणं लागू आहेत. तिथे रात्र काढायची नाही, लगेच परत जायचं.

हाडापलीकडचं

झोळीत बांधलेल्या हाताचे स्नायू पहिल्या दोन आठवड्यांतच झपाट्याने उतरतात. खांद्याचा सांधा आखडतो. चाळिशी ओलांडलेली असेल आणि मधुमेह असेल, तर तो आखडण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहायचं. पुढे खांद्याचे हलके झोके, मग भिंतीला हात टेकून जोर. हे सगळं फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावं. दोन-तीन भेटीही पुरतात, बाकी मेहनत घरची.

दुसरी गोष्ट तोलाची. सांध्यांमधल्या आणि स्नायूंमधल्या संवेदना मेंदूला सतत सांगत असतात की हात कुठे आहे, पाय कुठे आहे. दुखापतीनंतर हा निरोप अडखळतो. शिवाय डोक्याला मार बसला असेल तर आतल्या कानातले चुन्याचे सूक्ष्म कण जागेवरून हलू शकतात आणि कूस बदलताना, वर बघताना घर फिरल्यासारखं वाटतं. लोक याला ‘अशक्तपणा’ म्हणून सलाइन लावून घेतात. वास्तविक डोकं ठरावीक क्रमाने फिरवण्याच्या काही मिनिटांच्या उपचाराने ही भोवळ बहुतेकांची थांबते. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवं, इतकंच.

आणि तिसरं, डोकं. आपल्याकडे रक्त आलं नाही की ‘मुका मार आहे’ म्हणून सोडून देतात. मेंदूला बसलेला हादरा सीटी स्कॅनमध्ये बहुतेकदा दिसत नाही, कारण त्यात मेंदूची रचना शाबूत असते, कामकाज बिघडलेलं असतं. डोकेदुखी, उजेड सहन न होणं, चिडचिड, विसरणं, झोपेचं बिनसणं ही त्याची लक्षणं. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत आणि मुलं महिन्याभरात सावरतात; पण त्याआधी पुन्हा डोकं आपटलं तर दुखणं लांबतं, क्वचित जिवावरही बेततं. म्हणून अशा माणसाने त्या दिवशी परत सायकलवर बसायचं नाही, ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी. एक-दोन दिवस विश्रांती, मग थोडं चालणं, मग घरातल्या ट्रेनरवर हलकी सायकल, अशा पायऱ्या. एका पायरीवर त्रास वाढला तर थांबायचं, एक पायरी खाली यायचं. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, गुंगी येऊ लागली, एक बाजू लुळी वाटली किंवा नाका-कानातून पाणी आलं, तर १०८ ला फोन. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर लक्षणांची वाटही बघायची नाही.

दोन चुकीचे सल्ले

पडल्यावर दोन प्रकारची माणसं भेटायला येतात. पहिली म्हणतात, ‘‘जिवावरचं बोटावर निभावलं. आता विकून टाका ती सायकल.’’ दुसरी म्हणतात, ‘‘पडल्यावर लगेच चढलं पाहिजे, नाहीतर भीती बसते.’’ दोघांचाही हेतू चांगला असतो आणि दोघेही चुकतात.

दुसऱ्यांच्या तोंडी व्यावसायिक सायकलपटूंची उदाहरणं असतात. टूर द फ्रान्स जिंकलेला कोलंबियाचा एगन बर्नाल जानेवारी २०२२ मध्ये सराव करताना उभ्या बसवर आदळला. मणका, मांडी, गुडघ्याची वाटी, बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो शर्यतीत उतरला. बेल्जियमच्या रेम्को एवेनपूलला डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याच्या गाडीच्या उघडलेल्या दारावर धडकून असाच मोठा मार बसला. एप्रिलमध्ये परतल्यावर त्याने पहिलीच शर्यत जिंकली. कौतुक आहेच. पण त्यांच्यामागे शल्यचिकित्सक, फिजिओ, आहारतज्ज्ञ अशी फौज दिवसरात्र होती आणि बरं होणं हीच त्यांची नोकरी होती. आपल्याला सोमवारी कामावर जायचं असतं. शिवाय त्यांच्या खेळातही नियम आता कडक झालेत. डोक्याला हादरा बसलेल्या खेळाडूने लक्षणं पूर्ण गेल्यावरही किमान आठवडाभर शर्यतीत उतरू नये, असं आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा नियम सांगतो.

पहिल्यांचा सल्ला जास्त नुकसान करतो, कारण तो ऐकला जातो. मेंदूला धोक्याची जागा लक्षात ठेवायची सवय आहे. ती आपल्या जगण्यासाठीच आहे. पण ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळत गेलं की भीती कमी होत नाही, वाढते. आणि सायकल सुटली की तिच्यासोबत बरंच काही सुटतं. माझ्यासारख्याची रविवारची हौस जाते, रक्तदाब थोडा वर सरकतो, एवढंच. पण वेल्हे तालुक्यात (आता राजगड) किंवा भोरच्या डोंगरकपारीत वाडीवरून हायस्कूलला सायकलवर जाणारी मुलगी पडली आणि घरच्यांनी ‘पुरे झाली सायकल’ म्हटलं, तर एसटीच्या वेळा जुळेपर्यंत तिची शाळाच धोक्यात येते. दूध घालणारा, कामावर जाणारा माणूस पडला तर घरचं चाक थांबतं. त्याला ‘सहा आठवडे आराम करा’ सांगणं सोपं आहे. तो दुसऱ्याच आठवड्यात तसाच दुखरा हात घेऊन कामाला लागतो आणि वाकडं जुळलेलं हाड आयुष्यभर वागवतो.

चढ कसा चढावा

मग करायचं काय? डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर मी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी मला सायकलवर बसण्याआधी चार गोष्टी करून दाखवायला लावल्या. दोन्ही हातांनी ब्रेक पूर्ण ताकदीने दाबणं. खांदा न दुखता दोन्ही बाजूंनी वळून मागे बघणं. एका पायावर अर्धा मिनिट उभं राहणं. आणि ओट्यावर हात टेकून दहा जोर काढणं. मी दोनमध्ये नापास झालो. तीन आठवडे घरी घासल्यावर पास झालो.

भीतीलाही अशाच पायऱ्या लावल्या. आधी मैदानात, मग सोसायटीच्या रस्त्यावर, मग पहाटे, मग वाहतुकीत, प्रत्येक वेळी सोबतीला कोणीतरी. एका पायरीवर छातीतली धडधड कमी होईपर्यंत थांबायचं, मगच पुढची. महिना उलटूनही अपघात डोळ्यांपुढे येत असेल, झोप उडत असेल, रस्त्यावर पाय ठेवणं नकोसं होत असेल, तर तो भित्रेपणा नसतो. त्यावर उपचार आहेत. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

यंत्राचीही तपासणी हवी. आपटलेलं हेल्मेट बाहेरून नीट दिसलं तरी आतला थर दबलेला असतो. तो एकदाच वाचवतो, म्हणून ते बदलायचं. हँडल, पुढचा चिमटा, ब्रेक मेकॅनिककडून बघून घ्यायचे.

मागणी साधी आहे

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यात झाली. भोर-राजगडच्या रस्त्यांवरूनही जगभरातले सायकलपटू गेले. पहिल्या टप्प्यात मुळशीकडच्या अरुंद रस्त्यावर बरेच स्पर्धक एकमेकांवर आदळून पडले, तेव्हा वैद्यकीय पथक सोबतच होतं. शर्यतीसाठी हे असायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच, की त्याच रस्त्यावरून उरलेले दिवस जे लोक सायकल चालवतात, त्यांच्यासाठी याचा शंभरावा हिस्सा तरी असावा.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी फिजिओथेरपिस्ट बसावा. हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी जाताना दिलेल्या कागदावर औषधांखाली तीन ओळी मराठीत लिहिलेल्या असाव्यात : कोणता व्यायाम कधीपासून, जड काम कधीपासून, सायकल कधीपासून. डोक्याला मार असेल तर धोक्याची लक्षणं. याला नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. लावणीच्या दिवसांत वळणावरचा चिखल आणि खडी बाजूला करायला ग्रामपंचायतीचा एक माणूस पुरतो.

पुढच्या मार्गशीर्षात मी पुन्हा पाबे घाट चढलो. त्या वळणावर वेग इतका कमी केला की मागचा सायकलवाला मुलगा ‘काका, सगळं ठीक ना?’ विचारत पुढे गेला. भात कापून झाला होता, रस्ता कोरडा होता. मावशींची गाठ पडली नाही. नसरापूर फाट्यावर चहा घेताना खांदा थोडा दुखत होता. आजही पाऊस आला की दुखतो. पण तो कसा हलवायचा आणि कुठे थांबवायचा हे मला आता माहीत आहे, कारण कुणीतरी मला बसवून ते शिकवलं. वाडीवरच्या त्या मुलीलाही ते कुणीतरी शिकवायला हवं.