पत्ते कुटणाऱ्यांची बाजू

मागे सुटीत अंबडला गेलो होतो. मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरून उतरून एका परिचितांकडे गेलो, तर ओसरीवर चार मुले 'नॉट ॲट होम' खेळत होती. वडील आले नि पत्ते उचलून म्हणाले, "पत्ते कुटण्यापेक्षा गणिते करा!" माझ्या मते मुले गणितेच करीत होती.

डाव असा (नियम घरोघर थोडे बदलतात). चौघांना १३-१३ पाने. एका किमतीची चारही पाने जमवायची. त्या किमतीचे एक तरी पान हाती असेल, तरच उरलेल्यांपैकी एखादे नाव घेऊन मागायचे. समजा, सुधाने बाळूकडे चौकटचा गुलाम मागितला. बाळू म्हणाला, "नॉट ॲट होम!" तुम्ही नुसते ऐकत होतात. पण गुलाम सुधाकडे नाही, बाळूकडे नाही, तुमच्याकडेही नाही. म्हणजे तो चौथ्या गड्याकडेच! शिवाय सुधाकडे दुसरा एखादा गुलाम आहे, हेही कळले. गंमत अशी, की खुद्द सुधाला मात्र तो तुमच्याकडे की चौथ्याकडे, हे अजून उमगलेले नाही.

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली तात्पुरत्या स्मरणाची मर्यादा सुमारे सात गोष्टी सांगितली. पुढे काहींनी ती चारवर आणली. मग ५२ पाने कशी ध्यानात राहणार? म्हणून मुरलेला गडी नकार तेवढे जपतो.

पैसे लावले, की डाव मोडावाच. पण त्या ओसरीवर पैसा नव्हता. पत्ते परत द्यावेत, असे मी वडिलांना सांगितले. निघताना धाकटी माझ्या कानात पुटपुटली, "किलवरचा राजा दादाकडे होता!"