जुन्या जीपला नावं ठेवू नका!

मंडळी, 'जुनी डिझेल जीप लडाखच्या थंडीत चालत नाही' हे पालुपद आता पुरे! जीप चालते हो, मालक आळशी असतो.

साधं डिझेल गारठलं की त्यातलं मेण फिल्टरमध्ये साकळतं. म्हणून तर इंडियन ऑईलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. ते भरा. फिल्टरमधलं पाणी काढा, हीटर प्लग असतील तर तपासा, थकलेली बॅटरी बदला, रेडिएटरमध्ये निम्मं कूलंट घाला.

हे सोडून टाकीखाली जाळ करणाऱ्यांना 'जुगाडू' म्हणून डोक्यावर कसले घेता? द्रासच्या रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली, तर मागच्या सीटवरची पोरं गारठतात, तुमचा जुगाड नाही!

असो. पटत नसेल तर भांडा.