कोरी चिठ्ठी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील विहारात मुलांचे तीन दिवसांचे शिबिर झाले. वंदना, गणिताच्या युक्त्या, वक्तृत्व, थोडी कवायत असा नेहमीचाच कार्यक्रम होता. शेवटच्या दुपारी मुले कंटाळली आणि म्हणाली, "काका, बिग बॉस खेळू या." आम्ही म्हटले, खेळा. घराघरांत जे रोज रात्री पाहिले जाते ते मुले खेळणारच.

खेळ साधा होता. बारा मुलांनी एकेका चिठ्ठीवर, ज्याला घराबाहेर काढायचे त्याचे नाव आणि कारण लिहायचे व चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात टाकायची. मोजणीचे काम अर्थातच आमच्याकडे आले. आमचे निम्मे आयुष्य कचेरीत आकडे जुळविण्यात गेले, त्यामुळे बेरीज दिसली की हात शिवशिवतात. चिठ्ठ्या उघडल्या. नऊ चिठ्ठ्यांवर एकाच मुलाचे नाव, दोनांवर दुसरी नावे, एक कोरी. आम्ही निकाल मोठ्याने वाचला, कारणांसकट वाचला. "त्याचे बोलणे कळत नाही." "तो नवा आहे." एका चिठ्ठीवर होते, "तो आपल्यातला नाही." मुलांनी टाळ्या वाजविल्या. वाचकहो, खोटे कशाला सांगा, आम्हीही वाजविल्या.

तो मुलगा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचा, डिंभे धरणाच्या वरच्या बाजूस असलेल्या एका आदिवासी वाडीतला. आईबाप कांदा लागवडीच्या मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला आलेले. आमच्या वस्तीच्या कडेला एका खोलीत राहतात. शिबिर सर्वांना खुले म्हणून आम्हीच त्याला हाताला धरून आणले होते. निकाल ऐकून तो उठला, दाराशी चपला घातल्या आणि निघून गेला. खेळाच्या नियमाप्रमाणे त्याने बाहेर पायरीवर बसायचे होते. तो सरळ घरी गेला आणि संध्याकाळच्या खाऊलाही आला नाही.

रात्री घरी हे सहज सांगितले, तर सौ.नी पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारले, "आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात?" त्यानंतर जेवण गोड लागले नाही.

आमचा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "काका, चिठ्ठ्या टाकून माणूस काढायचा हा खेळ टीव्हीवर स्वीडनने आणला." आम्हाला नवल वाटले. मग त्याच्याकडून आणि इकडून तिकडून माहिती घेतली. ती सांगितली पाहिजे अशीच आहे.

इंग्लंडच्या चार्ली पार्सन्स नावाच्या गृहस्थाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ती प्रथम पडद्यावर आणली. कार्यक्रमाचे नाव 'एक्स्पेडिशन रॉबिन्सन'. पहिला भाग १३ सप्टेंबर १९९७ रोजी दिसला. चित्रण त्याआधीच मलेशियाच्या समुद्रातील बेटावर झाले होते. सोळा माणसे, दोन गट. अन्न तुटपुंजे, निवारा आपला आपण उभारायचा, शर्यती लावायच्या. जो गट हरेल त्याने रात्री सभा भरवून आपल्यातल्याच एकाला मते देऊन घालवायचे. शेवटी उरेल तो विजेता. पहिल्या वर्षी मार्टिन मेलिन नावाचा पोलीस विजयी झाला.

पण आम्हाला सांगायचे आहे ते पहिल्या बाहेर गेलेल्या माणसाविषयी. त्याचे नाव सिनिसा साविया. तो बोस्नियातला. तेथील युद्धामुळे देश सोडून स्वीडनमध्ये आश्रयाला आलेला. स्वीडिश भाषा त्याची जन्मभाषा नव्हती. सोळा जणांत पहिला काढला गेला तो हा. घरी परतल्यावर काही आठवड्यांतच, कार्यक्रम दिसण्यापूर्वी, जुलै १९९७ मध्ये त्याने आपले जीवन संपविले. त्याच्या पत्नीने पुढे जाहीरपणे सांगितले की, आपले चांगले काम कापून टाकतील आणि आपण सर्वांत निकामी होतो एवढेच जगाला दाखवतील, ही धास्ती त्याने घेतली होती. माणसाच्या अशा जाण्याला एकच कारण असते असे आम्ही म्हणणार नाही. युद्धातून आलेल्याच्या मनात काय काय साठलेले असते, ते बाहेरच्याने तोलू नये. पण घर, गाव, देश सुटलेल्या माणसाला नव्या देशातल्या लोकांनी पुन्हा एकदा "तू जा" म्हटले, एवढे तर खरे.

वर्तमानपत्रांतून टीका झाली. कार्यक्रम मात्र चालला, गाजला आणि देशोदेशी गेला. अमेरिकेत २००० साली तो 'सर्व्हायव्हर' नावाने आला. तेथील पहिल्या विजेत्याला दहा लाख डॉलर मिळाले. त्याने त्यावरचा कर भरला नाही आणि २००६ साली त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. बेटावर तगला, हिशेबात बुडाला! आपल्याकडेही २०१२ साली 'सर्व्हायव्हर इंडिया' होऊन गेला, पण घराघरांत शिरला तो 'बिग बॉस'. तो मूळचा हॉलंडच्या 'बिग ब्रदर'चा अवतार, चुलत घराण्यातला.

या चुलत घराण्यात एक फरक आहे. 'बिग बॉस'मध्ये घरातले लोक नावे सुचवितात, पण वाचविण्याचे मत बाहेरच्या प्रेक्षकाच्या हाती असते. म्हणून तर २०२४ च्या मराठी पर्वात आपल्याच पुणे जिल्ह्यातला, बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण, फारसे शिक्षण नसलेला गरिबाघरचा पोरगा, ६ ऑक्टोबरला विजेता ठरला. त्या रात्री आमच्या वस्तीत फटाके वाजले. स्वीडनच्या बेटावर अशी बाहेरची जनता नव्हती. आमच्या विहारातही नव्हती. तेथे वडीलधारे असे फक्त आम्ही होतो, आणि आम्ही मोजणी करीत होतो.

रॉबिन्सन हे नावही गमतीचे आहे. १७१९ सालच्या इंग्रजी कादंबरीतला रॉबिन्सन क्रूसो बेटावर एकटा पडतो आणि वर्षानुवर्षे माणसासाठी झुरतो. माणूस भेटतो तेव्हा मात्र त्याला प्रथम काय शिकवतो, तर आपल्याला 'मालक' म्हणायला. असो.

आता कोणी म्हणेल, पोरांच्या खेळाचे एवढे काय मनावर घ्यायचे? आम्हीही तसेच म्हटले असते. पण वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारावे लागत नव्हते. पाणी बंद, दळण बंद, मजुरी बंद. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा असे मांडले होते. महाराष्ट्रात बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे आम्ही दर वर्षी शिबिरात मुलांना सांगतो. याही वर्षी सांगितले होते, पहिल्याच दिवशी.

चार दिवस डोक्यात हेच होते. आमचा जुन्नर तालुका लेण्यांचा. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी मिळून दोनशेंहून अधिक लेणी. वर्षावासात भिक्खू अशाच डोंगरांत एकत्र राहत. पावसाचे तीन महिने, मिळेल ते अन्न, शेजारी शेजारी दगडी खोल्या. रुसवेफुगवे त्यांच्यातही होत असतील. त्यावर तथागतांनी घालून दिलेला विधी म्हणजे आश्विन पौर्णिमेची पवारणा. विनयात कथा आहे की काही भिक्खूंनी भांडण नको म्हणून सबंध वर्षावास एकमेकांशी न बोलता काढला. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली, हे तर जनावरांसारखे राहणे झाले. मग नियम झाला: प्रत्येकाने हात जोडून संघाला विनवायचे की, माझा दोष पाहिला असेल, ऐकला असेल, नुसती शंका आली असेल, तरी कृपा करून मला सांगा. आणि आधी बसायचे ते सर्वांत ज्येष्ठाने. संघातून दूर करण्याची शिक्षाही विनयात आहे, ती लपविण्याचे कारण नाही. पण ती त्या माणसासमक्ष, त्याला विचारून, दोष सांगून द्यायची आणि तो सुधारला की मागे घ्यायची. डब्यात चिठ्ठी टाकून नव्हे.

पुढच्या रविवारी मुलांना लेण्याद्रीला न्यायचे ठरविले. आदल्या संध्याकाळी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. आई चुलीपाशी होती. बाप म्हणाला, "खेळच व्हता ना, साहेब." तो आम्हाला दिलासा देत होता! मुलगा आत वळून बसलेला. आमच्याबरोबरच्या दोन पोरांनी त्याला ओढून बाहेर आणले. त्यांच्यातल्याच एकाने "आपल्यातला नाही" लिहिले होते. अक्षर आम्ही ओळखतो.

सातव्या लेण्यात गणपतीची गर्दी. वीस खोल्यांचा हा मोठा विहार, त्यातल्या मागच्या भिंतीच्या मधल्या दोन खोल्यांत आता देऊळ आहे. आम्ही शेजारच्या लहान लेण्यात सावलीला बसलो. मुलांना सांगितले की जुन्नरच्या लेण्यांत कासार, बुरूड यांच्या श्रेणींची नावे कोरलेली आहेत आणि परदेशी यवनांचीही आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला जेवणाचा मंडप दिला. त्याचे बोलणे तरी येथे सर्वांना कळत असेल का?

मग आम्ही हात जोडून बसलो व म्हटले, वयाने मोठे आम्ही, आधी आमचे दोष सांगा. मुले हसली, मग बोलू लागली. काका ओरडता. काका सकाळी उशिरा आलात. एक मुलगी म्हणाली, "चिठ्ठ्या तुम्ही वाचायला नको होत्या." ज्याचे अक्षर आम्ही ओळखले तो खाली बघत होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने स्वतःच सांगितले.

भाकऱ्या सोडल्या. तो मुलगा आमच्या शेजारी बसला होता. त्याच्या डब्यात नाचणीची भाकरी होती, ती तीन ठिकाणी फिरली. आम्ही हळूच विचारले, "कोरी चिठ्ठी तुझी होती ना रे? कुणालाच काढायचं नव्हतं?"

तो म्हणाला, "तसं नाय. मला कुणाचं नावच ठाव नव्हतं."