दारात ऊन, घरात मोती



नागपूरच्या उन्हाळ्याविषयी नागपूरकरांना काही सांगावे, असे नाही. २०१३च्या मे महिन्यात येथील पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २५ मेच्या सुमारास नवतपा लागला की सकाळी नऊनंतर रस्ते ओस पडतात. घरोघरी कूलर सुरू होतात, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागतात आणि वडीलधारी मंडळी सायंकाळपर्यंत घरात अडकून पडतात. त्यांच्याबरोबर आणखी एक जीव अडकतो आणि त्याची तक्रार त्याला शब्दांत सांगता येत नाही. आज त्या चार पायांच्या सोबत्याविषयी लिहीत आहे. हा विषय पशुवैद्यकांचा आहे, मी माणसांचा डॉक्टर आहे. तरीही लिहितो, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती.

महाल भागातील एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण आहेत. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. पत्नीच्या निधनानंतर घरात ते आणि मोती नावाचा गावठी कुत्रा, एवढेच. एका हिवाळ्यात सकाळी फिरताना मोतीने मांजर पाहून झेप घेतली. गुरुजींनी साखळी मनगटाला गुंडाळली होती. ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. मी लगेच सांगून टाकले, ‘‘गुरुजी, या वयात हा खटाटोप नको. कुत्रा लेकीकडे पाठवा.’’ त्यांनी ऐकले. मोती अमरावतीला गेला.

तीन महिन्यांनी ते तपासणीला आले, तेव्हा हाड जुळलेले होते. मात्र वजन उतरले होते आणि साखर वाढली होती. चालणे जवळजवळ थांबले होते, औषधांच्या वेळाही चुकत होत्या. मी रागावलो. ते शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, पहाटे पाच वाजता तो मला उठवत होता. आता उठून कोणासाठी दार उघडू?’’ मला उत्तर सुचले नाही. मी हाताचे हाड पाहिले होते. माणसाचा दिवस कशावर उभा आहे, हे पाहिले नव्हते.

एप्रिलमध्ये मोती परत आला आणि पाठोपाठ उन्हाळाही. बाहेर जाता येईना. मोती दुपारभर भुंके, चपला फाडी. शेजारी कुरकुरू लागले. तेव्हा गुरुजी, त्यांची लेक आणि मी असे तिघांनी बसून दिनक्रम आखला. तोच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम उन्हाचे गणित समजून घ्या. आपल्या सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो, त्यामुळे अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना, लठ्ठ आणि वृद्ध कुत्र्यांना ऊन अधिक बाधते. मेअखेरीस नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. फिरणे त्या वेळेस उरकावे. सायंकाळी सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ तापलेले असते. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

राहिला मधला दिवस. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कुत्र्याला थकवायचे तर धावायलाच लावले पाहिजे, असे नाही. त्याचे जग नाकात आहे आणि वीस मिनिटे हुंगत शोध घेतल्यावर तो छान झोपतो. त्याच्या रोजच्या पोळीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे भरा आणि त्यांत चार तुकडे लपवा. तीन वाट्या उपड्या घालून एकीखाली खाऊ ठेवा. हे सारे खुर्चीत बसून करता येते. मात्र खाऊ त्याच्या नेहमीच्या जेवणातूनच काढावा, नाहीतर उन्हाळा संपेपर्यंत त्याचे वजन वाढलेले असेल. दुपारी वाटीभर पाण्यात उकडलेल्या गाजराचे तुकडे घालून ते गोठवून द्या. चाटण्यात त्याचा चांगला वेळ जातो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला अपायकारक आहेत. आपली वेदनाशामके किंवा पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये.

दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे तीन शब्द शिकवा. वय झालेला कुत्राही शिकतो. यांतला ‘थांब’ हा शब्द आपल्या हाडांसाठी आहे. दार उघडताच मुसंडी मारणारा कुत्रा उंबरठ्याशी थांबला, तर एक पडणे टळते.

आता माझ्या अखत्यारीतले. चेंडू टाकायचा तर गुळगुळीत फरशीवर नको, सतरंजीवर टाका. घसरणे दोघांनाही वाईट. त्याने चेंडू आणून दिला की दर वेळी हात असलेल्या भक्कम खुर्चीतून एकदा सावकाश उठा आणि बसा. असे आठ-दहा वेळा झाले की मांड्यांना तेवढाच व्यायाम मिळतो आणि मांड्यांत बळ असेल, तर तोल सावरता येतो. उठल्यावर चक्कर येत असेल, हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्याचे पाण्याचे भांडे भरताना स्वतःही पेलाभर पाणी प्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी मात्र ठरवून दिलेले माप पाळावे.

काळजीवाहकांसाठी चार सूचना. साखळी मनगटाला गुंडाळू देऊ नका. ती तळहातात धरावी, म्हणजे वेळ आली तर सोडता येते. खेळणी खेळ संपताच टोपलीत जावीत. त्याची भांडी आणि अंथरूण न्हाणीघराच्या वाटेत नसावे. कूलरखाली सांडलेले पाणी तत्काळ पुसावे. गळ्यातल्या पट्ट्याला एक घुंगरू बांधा. अंधुक दिसणाऱ्या आजींना तो पायाशी आहे, हे त्या आवाजावरून कळते. गुरुजींच्या घरी हा उपाय सर्वांत उपयोगी ठरला.

रेबीजची लस त्याला दर वर्षी द्यावी. खेळतानाही दात लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘घरचाच आहे’ म्हणून हळद लावून बसू नये.

कुत्रा अतिशय धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, तो झोकांड्या खाऊ लागला किंवा ओकला, तर उष्माघाताची शंका घ्यावी. त्याला सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि वेळ न दवडता पशुवैद्यकाकडे न्या. सेमिनरी हिल्स भागात नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेलच. माणूस बरळू लागला, अंग तापले आणि शुद्ध हरपू लागली, तर अंग ओले करीत राहावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

मोतीला येऊन आता दुसरा उन्हाळा आहे. गुरुजींची साखर पूर्ण आटोक्यात आली, असे मी म्हणणार नाही. पण औषधांच्या वेळा चुकत नाहीत, कारण सकाळची गोळी मोतीच्या पोळीबरोबर बांधली आहे. गेल्या आठवड्यात मी विचारले, ‘‘दुपार कशी जाते?’’ ते म्हणाले, ‘‘मी लपवून राहिलो, तो शोधून राहिला. चार कधी वाजतात, समजत नाही.’’

आपल्या घरातील वृद्धांचा कुत्रा ‘आता झेपत नाही’ म्हणून कोठे पाठवायचा विचार चालू असेल, तर जरा थांबा. काही घरांत ते खरोखरच अपरिहार्य असते, त्यात अपराध नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी एक दिवस त्या दोघांजवळ बसून पाहा. कोण कोणाला उठवते, कोण कोणाला जेवू घालते, याची नोंद करा. ती नोंद आपल्या डॉक्टरांनाही दाखवा. माझ्यासमोर ती त्या हिवाळ्यात असती, तर मी दिलेला सल्ला वेगळा असता.