नाकारा, पण कारण लिहा

मा. महानियंत्रक,
पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई.



अर्ज सढळ हाताने मंजूर करा, असे मला म्हणायचे नाही. ‘झणझणीत’ हा शब्द चटणीसाठी एकाच्याच मालकीचा झाला, तर बाकीच्या विक्रेत्यांनी काय करायचे? असा अर्ज नाकारलाच पाहिजे. पण नकाराचा आदेश वाचून अर्जदाराला तो का नाकारला हे समजले पाहिजे, आणि तेच अनेकदा होत नाही.

ट्रेडमार्क कायदा १९९९ चे कलम १८(५) सांगते की, नकाराची कारणे आणि त्यासाठी वापरलेली सामग्री निबंधकाने लेखी नोंदवावी. तरीही कारणांशिवाय आदेश निघत राहिले आणि २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला याच कलमाची आठवण करून द्यावी लागली. पेटंटच्या बाबतीतही तेच. मार्च २०२२ मध्ये ‘अ‍ॅग्रिबोर्ड’ प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, शोधात नावीन्याची पायरी नाही असे ठरवताना आधीचे ज्ञान कोणते, अर्जदाराचा शोध कोणता आणि त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज कसा सुचला असता, या तिन्ही गोष्टींची चर्चा आदेशात हवी. नुसता निष्कर्ष पुरेसा नाही.

हे आपल्या कार्यालयाला जमत नाही असे कोण म्हणेल? २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नोव्हार्टिसचा ‘ग्लिव्हेक’ या कर्करोगावरील औषधाचा अर्ज कारणे देऊन नाकारला. त्यातले काही मुद्दे अपिलात टिकले नाहीत. पण पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) चा, म्हणजे माहीत असलेल्या पदार्थाच्या अधिक गुणकारी नसलेल्या नव्या रूपाला पेटंट नाही हा मुद्दा टिकला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. कारणे कागदावर होती, म्हणूनच वरच्या पायरीवर त्यातले चूक-बरोबर निवडता आले. ज्या आदेशात कारणच नाही, तो तपासणार कसा? मग न्यायालय तो रद्द करून प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. इकडे पेटंटची २० वर्षे अर्जाच्या तारखेपासूनच मोजली जात असतात.

२०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाले. तेव्हापासून अपिलासाठी थेट उच्च न्यायालयात जावे लागते. मोठ्या कंपनीला ते परवडते. पण इचलकरंजीतल्या एखाद्या मसालेवाल्याची कल्पना करा. नाव वर्षानुवर्षे वापरात आहे हे दाखवायला त्याने जुनी बिले आणि जाहिराती जोडल्या. वापराने नावाला ओळख मिळाली असेल तर कायदा ती मानतोही. सुनावणीनंतर आदेश येतो: ‘चिन्ह वेगळेपण दाखवत नाही.’ बिलांचा उल्लेखही नाही. त्याने वकिलाची फी भरावी की नाव सोडून द्यावे? बहुतेक जण नाव सोडतात असे मला वाटते, आणि सोडणाऱ्याची तक्रार कोणत्याही निकालपत्रात येत नाही.

अधिकाऱ्यांवर कामाचा बोजा आहे, हे मान्य. पण घाईत काढलेला आदेश परत आला की तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते.

म्हणून मागणी एवढीच. अर्जदाराने जोडलेल्या प्रत्येक पुराव्याची आदेशात दखल घ्या, तो का पटला नाही हे चार ओळींत का होईना लिहा. आणि वर्षभरात किती आदेश न्यायालयांनी कारणांअभावी परत पाठवले, तो आकडा आपल्या वार्षिक अहवालात छापा.

आपला,
लघुउद्योजकांसोबत काम करणारा एक सल्लागार